बाळ ठीक आहे, बाळंतिणीचे काय?

बाळंतीण पाहायला जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. झबले-टोपडे, डिंकाच्या नाहीतर अळिवाच्या लाडवांचा डबा, निदान एक नारळ घेऊन बायका जातात. बाळाच्या तोंडावरचे पांघरूण बाजूला करून नाक कोणावर गेले याची चर्चा होते, मुठीत नोट ठेवली जाते. मग बाळंतिणीकडे वळून प्रश्न सुरू होतात. दूध पुरते का? रात्री झोपते का? शी नीट होते का? तुम्ही शेपू खाताय ना, म्हणजे दूध वाढेल. हे सगळे प्रश्न बाळाबद्दलचेच असतात. ‘तुझं कसं चाललंय, झोप लागते का, मन कसं आहे?’ असे तिला विचारणारे माणूस मला फार क्वचित भेटले आहे.

मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे नारायणगाव-मंचर पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस करतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतले पेशंट येतात. पूर्वेकडून उसाच्या आणि कांद्याच्या मळ्यांतले, पश्चिमेकडून भीमाशंकर आणि नाणेघाटाकडच्या डोंगरातले. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधा एमबीबीएस आहे. पण बाळंतिणीच्या मनाचा आजार पहिल्यांदा येतो तो माझ्यासारख्याच्याच टेबलासमोर, आणि तोही दुसरेच नाव घेऊन. म्हणून आजचा लेख. (पुढे जे पेशंट आले आहेत त्यांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेले आहेत.)

सुरुवात पाचवीपासून करू. बाळाची पाचवी पुजतात, सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते असे म्हणतात. नेमक्या याच सुमारास, म्हणजे बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, पुष्कळ बायकांना कारण नसताना रडू येते. नातेवाईक जमलेले, जेवणाची गडबड, आणि जिच्यासाठी हे सगळे ती भिंतीकडे तोंड करून डोळे पुसते. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते मुलगी झाली म्हणून रडते. खरे कारण साधे आहे. गरोदरपणात शरीरातील काही संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, खूप वाढलेली असतात आणि वार पडल्यावर ती दोन-तीन दिवसांत झपाट्याने खाली येतात. त्यात जागरण, टाक्यांची ठणक, पहिल्यांदा दूध उतरतानाचा ताण. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना असे होते. घडीत हसू, घडीत रडू, जराशा बोलण्याने मन भरून येणे. औषध लागत नाही. जवळ बसावे, बाळ थोडा वेळ घ्यावे, तिला झोपू द्यावे. दहा-बारा दिवसांत हे आपोआप निवळते. फार तर दोन आठवडे.

दोन आठवडे झाले आणि निवळले नाही, किंवा निवळून पुन्हा सुरू झाले, तर मात्र ते वेगळे दुखणे आहे. त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. ते एकदम कोसळत नाही, दिवसेंदिवस चढत जाते. बाई कामे करत असते, बाळाला पाजत असते, पण आतून रिकामी झालेली असते. बाळ झोपले तरी हिला झोप लागत नाही. ही खूण मी फार महत्त्वाची मानतो. जागरणाने थकलेली बाई संधी मिळाली की पडल्या पडल्या झोपते. नैराश्यातली बाई बाळ शांत झोपलेले असताना आढ्याकडे पाहत पडून राहते. भूक मरते, कशात रस वाटत नाही, आवडती मालिका लावली तरी लक्ष लागत नाही. ‘मी चांगली आई नाही’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे विचार फिरत राहतात. काहींना उदास वाटण्यापेक्षा धास्तीच जास्त वाटते. बाळ श्वास घेते आहे ना म्हणून रात्रीतून दहा वेळा उठून पाहतात.

आपल्याकडे या दुखण्याला स्वतंत्र नाव नाही. बाळंतवात झाला म्हणतात, अशक्तपणा म्हणतात, बाहेरचे काही लागले म्हणतात. नाव नसल्यामुळे बाई तक्रार सांगते ती अंगाची. कंबर धरली, डोके भणभणते, हातापायांची आग होते, चक्कर येते, आणि सर्वांत जास्त वेळा, ‘दूध येत नाही.’

दूध येत नाही म्हणून एक सून तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा आली होती. घर मळ्यात, नवरा चाकणला कंपनीत, रविवारी येणारा. बाळ सव्वादोन महिन्यांचे. वजन काट्यावर घेतले तर बाळ व्यवस्थित वाढत होते, म्हणजे दूध पुरत होते. मी तिला काही विचारले की उत्तर सासूबाई देत. खाते का नीट? ‘खाते की.’ झोपते का? ‘दुपारी पडते जरा.’ मुलगी नुसती माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहत होती. अशा वेळी मी एक साधी युक्ती करतो. सासूबाईंना म्हटले, ‘आजी, बाळाला घेऊन बाहेर बसा, कंपाउंडर पुन्हा एकदा वजन करून कार्डावर लिहून देईल.’ आमच्या सिस्टर खोलीत थांबल्या. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, ‘डॉक्टर, हे बाळ मला माझं वाटतच नाही. कुणाचं तरी सांभाळायला दिल्यासारखं वाटतं.’ आणि लगेच, ‘हे घरी सांगू नका.’

या वाक्याला घाबरण्यासारखे काही नाही आणि ते दुष्टपणाचेही नाही. ते आजाराचे लक्षण आहे, जसे मलेरियात थंडी वाजते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन आठच्या आसपास होते, तेही सुधारावे लागले. बाळंतपणानंतर रक्त कमी असणे आणि थायरॉईड बिघडणे या दोन्हींमुळे थकवा आणि उदासी येते, म्हणून या दोन तपासण्या मी आधी करून घेतो. उपचार सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत तिला झोप लागू लागली. बाळाशी बोलायला लागायला जवळजवळ दोन महिने गेले. गोळ्या बाळाच्या उष्टावणानंतरही काही महिने चालू होत्या.

हे किती जणींना होते? आपल्या शेजारच्या गोव्यात यावर नीट अभ्यास झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या २७० गरोदर बायकांची बाळंतपणाआधी आणि नंतर पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होते. म्हणजे जवळजवळ चौघींत एकीला. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक अजून आजारीच होत्या. या बायका दवाखान्यात जात नव्हत्या असे नाही, उलट इतरांपेक्षा जास्त वेळा जात होत्या. २०१७ साली देशभरच्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात वीस हजारांवर बायका होत्या आणि आकडा २२ टक्क्यांच्या घरात आला.

कोणाला जास्त होते, हेही त्यातून दिसले. घरात पैशांची ओढ, नवऱ्याशी पटत नसणे, मारहाण. आणि आपण मान खाली घालावी अशी गोष्ट, मुलगी होणे. तमिळनाडूतल्या खेड्यांत झालेल्या अभ्यासातही (तोही २००२ चाच) मुलगा हवा असताना मुलगी झाली की धोका वाढतो असे दिसले. मला इथे वैद्यकशास्त्राचा आधार घेण्याचीही गरज वाटत नाही. दुसरी मुलगी झालेल्या घरातून पेढे येतात की नाही, येतात तेव्हा आणणाऱ्याचा चेहरा कसा असतो, हे दवाखान्यात बसून रोज दिसते. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, हे शाळेतल्या पुस्तकात छापलेले आहे. तरीही टोमणा बाईलाच बसतो. असो.

त्याच तमिळनाडूच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. सासूशी न पटणे जसे धोक्याचे, तसेच आईवडिलांशी न पटणेही धोक्याचे निघाले. ‘माहेरी आहे म्हणजे सुखात आहे’ असे आपण धरून चालतो. माहेरी वडील कर्जात असतील, वहिनीची धुसफूस असेल, तर ती मुलगी चाळीस दिवस जीव मुठीत धरून काढते.

तरीही आपला सव्वा महिन्याचा रिवाज मला चांगला वाटतो. तेलाची मालीश, गरम पाण्याची आंघोळ, वेळेवर ताट, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. बाजेखालची शेगडी आणि धुरी मात्र नको. बंद खोलीत धुराने बाळ आणि आई दोघांच्याही छातीला त्रास होतो. पाणी कमी प्यायला देणे हेही चूक. पण विश्रांतीची जी चौकट आजीपणजीने घालून दिली ती पुष्कळ शहाणपणाची आहे. अडचण चौकट संपते त्या दिवशी सुरू होते.

सव्वा महिना झाला, बारशाचा पाळणा झाला, की मुलगी बाळ आणि बॅग घेऊन सासरी येते. काल जिला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हते, तिच्याकडे दुसऱ्या दिवसापासून पाच माणसांच्या भाकरी, गोठा, आणि हंगाम असेल तर टोमॅटोची तोडणी. रात्री बाळ, दिवसा घर. आमच्या भागात त्यात आणखी एक भर आहे. पूर्वेकडच्या वस्त्या मळ्यामळ्यांत विखुरलेल्या, दोन घरांत उसाचे फड, आणि उसात बिबट्या. दिवेलागणीनंतर बाई दाराबाहेर पाऊल टाकत नाही. गावठाणात राहणारी सून निदान शेजारणीच्या ओट्यावर जाऊन दोन शब्द बोलते. मळ्यातल्या सुनेला संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत चार भिंती आणि रडणारे बाळ. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत माणसे जवळजवळ राहतात, पण तिथे पावसाळ्यात रस्ता बंद, भातलावणीच्या दिवसांत घर रिकामे, आणि मोबाईलला रेंज नाही.

सरकारी देखरेखही नेमकी इथेच तुटते. दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहावे असा नियम आहे. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली, पुढे देशाने घेतली. योजना उत्तम आहे. पण या भेटी होतात माहेरच्या गावात. शेवटची भेट होते न होते तोच मुलगी सासरी येते आणि सासरच्या गावच्या आशाताईंकडे तिची नोंद असतेच असे नाही. गोव्याच्या अभ्यासातला सहा ते आठ आठवड्यांचा काळ तो हाच. आजार अंगावर येतो त्याच दिवसांत तिच्याकडे पाहणारे कोणी उरत नाही.

तेव्हा तिला गाठायचे कुठे? माझे उत्तर आहे, लसीकरणाच्या दिवशी. बाळाच्या लशी दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने अशा असतात. बाई स्वतःसाठी दवाखान्यात येणार नाही, पण बाळाच्या लशीसाठी उपकेंद्रात, अंगणवाडीत, नाहीतर नारायणगावच्या, जुन्नरच्या, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात येतेच. बाळाला टोचून झाल्यावर अर्धा तास थांबवतात. त्या अर्ध्या तासात नर्सबाईंनी, आशाताईंनी, आम्ही खासगी डॉक्टरांनी तिला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटते का? पूर्वी ज्या गोष्टींत आनंद वाटायचा त्यांत रस उरला नाही असे वाटते का? एकाचेही उत्तर हो आले तर पुढे विचारायचे. त्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरतात, ती भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आदिवासी भागात तर आणखी चांगली सोय आहे. अमृत आहार योजनेत बाळंतिणीला सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. जी बाई काल जेवली आणि आज आली नाही, जी ताटात बोटे फिरवत बसते, ती अंगणवाडीताईंच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी एवढेच करावे की ती नजर डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी.

एक प्रश्न मात्र विचारायला सगळेच कचरतात, डॉक्टरसुद्धा. ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. ज्या बाईच्या मनात तो नसतो ती सरळ नाही म्हणते. ज्या बाईच्या मनात असतो तिला कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मातामृत्यूंची गोपनीय छाननी करते. रक्तस्राव, रक्तदाब ही नेहमीची कारणे आटोक्यात येत गेली तसे तिथे आत्महत्या हे मातामृत्यूचे एक ठळक कारण म्हणून पुढे आले. आपल्याकडे अशा मृत्यूची नोंद निराळ्या रकान्यात होते आणि बाळंतपणाशी कोणी त्याचा संबंध जोडत नाही. तिने असे काही बोलून दाखवले तर ‘काहीतरीच बोलू नकोस’ म्हणून गप्प करू नका. तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा, आणि शेतीची औषधे कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे.

आता एक वेगळी, घाईची गोष्ट. हजारी एक-दोन बाळंतिणींना पहिल्या पंधरवड्यात अचानक तीव्र वेड लागल्यासारखे होते. तीन-चार रात्री डोळ्याला डोळा नाही, अखंड बडबड किंवा एकदम मौन, बाळ बदलले आहे असे म्हणणे, कानात आवाज येणे, संशय. याला प्रसूतीनंतरचा मनोविकार म्हणतात आणि हा तातडीचा आजार आहे, रक्तस्रावाइतकाच. डोंगरातल्या एका गावची नऊ दिवसांची बाळंतीण अशी झाली. घरच्यांनी दोन दिवस देवऋष्याकडे काढले. अंगारा लावायला माझी हरकत नाही, पण अंगारा लावून गाडीत बसवा. १०८ नंबरची रुग्णवाहिका फुकट येते. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे पुण्याला ससूनमध्ये किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तोपर्यंत बाळ आईच्या हाती एकटे सोडू नका. ही बाई काही आठवड्यांत पूर्ण बरी झाली. हा आजार जितक्या जोराने येतो तितका उपचारांना चांगला दाद देतो. एकदा झालेला असेल, किंवा आई-बहिणीला झालेला असेल, तर पुढच्या गरोदरपणात सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे, कारण तो परत येण्याची शक्यता बरीच असते.

बायकांना याची भीती वाटते म्हणून एक खुलासा करतो. पुष्कळ नव्या आयांच्या मनात एखादा भयंकर विचार चमकून जातो. बाळ हातातून पडेल, माझ्याच हातून त्याला काही होईल. विचार आला की त्या शहारतात, विळीजवळ बाळ नेत नाहीत, आणि कोणाला सांगत नाहीत. ज्या विचाराने बाई स्वतः घाबरते तो वेडाचा नव्हे, काळजीचा असतो. तो बोलून दाखवला की त्याचा जोर निम्मा होतो. फार छळत असेल तर उपचार आहेत.

‘आम्हाला नाही झालं असलं काही’ असे सासूबाई म्हणतात. ‘चौथ्या दिवशी आम्ही खुरपायला गेलो होतो.’ मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनाही झाले असेल, कोणी विचारले नसेल. कष्ट सोसण्याची आपल्याला इतकी असोशी आहे की सोसणे हाच गुण होऊन बसला आहे. आमच्या नारायणगावच्या विठाबाईंची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. भरल्या दिवसांत फडावर उभ्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. आपण ही गोष्ट छाती फुगवून सांगतो. पण तिचा उरलेला भाग असा सांगतात की, त्यांचे पोट रिकामे दिसल्यावर प्रेक्षकांच्या ध्यानात आले आणि त्यांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला लावली. तमाशाला तिकीट काढून आलेल्या माणसांना जे दिसले, ते घरातल्या माणसांना दिसायला अडचण पडू नये.

आणि सासूला खलनायिका करून काही हाती लागत नाही. वर सांगितलेल्या मळ्यातल्या सुनेची सासू, सगळे समजावून सांगितल्यावर, रात्रीचे दोन ते सकाळचे सहा बाळ आपल्याकडे घेऊ लागली. एवढ्या एका गोष्टीने अर्धे काम केले. सलग चार-पाच तासांची झोप हे या आजारातले पहिले औषध आहे. ते केमिस्टकडे मिळत नाही, घरातल्याच कोणीतरी द्यावे लागते. नवरा घरी असेल त्या रात्री त्याने ते द्यावे. बाळाला पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर फिरवणे याला बाईच लागते असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

सौम्य आजारात बोलणे, झोप, मदत आणि थोडे बाहेर पडणे यांनी फरक पडतो. हे बोलण्याचे काम शिकवलेली साधी बाईही करू शकते, हे आता सिद्ध झाले आहे. पाकिस्तानच्या खेड्यांत गावच्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन हा प्रयोग झाला. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत सेविका असे बोलत होत्या तिथे सहा महिन्यांनी २३ टक्के बायका आजारी राहिल्या होत्या, इतर गावांत ५३ टक्के. पुढे गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या, स्वतः आया असलेल्या बायकांनी केले. त्यांना ‘सखी’ असे नाव होते. आपल्या आशाताई यापेक्षा कुठे कमी आहेत? त्यांच्यावर रजिस्टरांचे ओझे आधीच फार आहे हे मला माहीत आहे. या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईचे मन सावरण्यात बाळाचाही जीव गुंतलेला असतो. गोव्यातल्याच पाहणीत असे आढळले की नैराश्य असलेल्या आयांची बाळे सहा महिन्यांची झाल्यावर वजनात आणि उंचीत मागे राहण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. लशी वेळेवर देऊन, वजन भरत नाही म्हणून टॉनिकमागून टॉनिक बदलणाऱ्या पालकांना मी म्हणून विचारतो, आईची तब्येत कशी आहे?

एक बाळंतीण आपल्या सगळ्यांकडून सुटते. जिचे बाळ पोटात गेले, किंवा काचेच्या पेटीतून घरी आलेच नाही. तिला पाहायला कोणी जात नाही. काय बोलावे सुचत नाही म्हणून शेजारीही टाळतात. तिलाही दूध उतरते, तिलाही टाके असतात. तिच्या घरी जा. बोलायला काही सुचले नाही तर नुसते बसा. ‘दुसरं होईल’ एवढे मात्र म्हणू नका.

‘म्हणजे येरवड्याला न्यायचं का?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नाही. शंभरातल्या बहुतेक जणी घरी राहून, तालुक्याच्या ठिकाणीच बऱ्या होतात. आणि एखादीला भरती करावे लागलेच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तीन वर्षांखालचे मूल सहसा आईपासून तोडता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र कधीही फिरवा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली. ज्या मळ्यातून संध्याकाळी सातनंतर बाहेर पडता येत नाही तिथे निदान हा फोन लागतो.

शेवटी, एका वाचक भगिनीने पत्राने विचारले आहे की, उदासीच्या गोळ्या चालू असताना बाळाला अंगावर पाजावे की नाही. पाजावे. सर्ट्रालिनसारखी औषधे आईच्या दुधात फार थोड्या प्रमाणात उतरतात आणि पाजणाऱ्या आईला ती जगभर दिली जातात. बाळ वेळेआधी जन्मलेले किंवा आजारी असेल तर डॉक्टरांना तसे आधी सांगावे. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नये. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते आणि मग हळूहळू कमी करतात, एकदम तोडायची नसते. या गोळ्यांची सवय लागत नाही. झोपेच्या गोळ्या हा मात्र निराळा प्रकार आहे, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्या घेऊन बाळाजवळ झोपणे धोक्याचे आहे. आणि औषधाचे नाव पेपरात वाचले म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. काही बायकांना पूर्वी कधी अतिउत्साहाचे, बिनझोपेचे झटके येऊन गेलेले असतात. त्यांना हीच गोळी एकटी दिली तर बिघडू शकते, म्हणून आधीचा इतिहास विचारूनच ती लिहावी लागते. पत्रात आपण गावाचे नाव दिलेले नाही. आपण जवळपास असाल तर बाळाच्या पुढच्या लशीच्या दिवशी स्वतःचा केसपेपरही काढा.